दोन फटींचा मान

सकाळच्या लख्ख उन्हात, डोक्यावर पेटवलेल्या गॅसबत्त्या घेतलेली माणसं शाळेकडे येताना पाहिली, तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी वरात रस्ता चुकली. पुढे बँड होता, मागे बत्त्या होत्या, मधे घोडा होता. फक्त घोड्यावर नवरा नव्हता. एक लाकडी खोका शेल्यात गुंडाळून, मुंडावळ्या बांधून बसवला होता, आणि तो पडू नये म्हणून दोन माणसं दोन अंगांनी त्याला धरून चालत होती.

घोडा नव्हता, हातगाडी होती, असं आमची ही म्हणते. पण ती तेव्हा शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. वरून पाहिलं की घोडा हातगाडीसारखा दिसू शकतो.

"पारनाईक, तुमचा दिवा आला," शेजारी उभे असलेले आमचे मुख्याध्यापक निफाडकर सर म्हणाले.

"एका दिव्यासाठी एवढं, सर?"

"एका नाही." त्यांनी दुसऱ्या रस्त्याकडे बोट केलं. तिकडूनही बँड येत होता. मागे बत्त्या, मधे घोडा, घोड्यावर खोका.

मी खडकसोंडच्या त्या शाळेत फिजिक्सचा मास्तर होतो, आणि टेंपररी होतो. गावात अकरावीचा सायन्सचा वर्ग नव्याने निघाला होता, प्रयोगशाळेचं उद्घाटन व्हायचं होतं, आणि त्या दिवशी लोकांना काहीतरी डोळ्यांनी दिसेल असं दाखवा, असं सरांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, एक सोडियमचा दिवा मिळवून द्या, मी उजेडाचे पट्टे दाखवतो. एक दिवा, असं मी स्वच्छ म्हटलं होतं.

आता खडकसोंडमध्ये दिव्याशी संबंधित काही हवं असलं, तर दिवट्यांकडे जावं लागे. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या वरातींना उजेड पुरवत आलेलं. आधी मशाली, मग गॅसबत्त्या, मग ट्यूबलायटी. म्हाताऱ्या दिवट्यांनी आपल्या दोन मुलांना एकाच देवाची नावं दिली होती, थोरला मल्हारी आणि धाकटा खंडू. म्हातारे गेल्यावर दोघांनी बत्त्या वाटून घेतल्या, खांब वाटून घेतले, आणि बापाची पितळी शिट्टी कुणी घ्यायची यावर भांडले. वरातीत बत्तीवाल्यांची पावलं त्या शिट्टीवर पडत. पंच बसले आणि त्यांनी असा निवाडा दिला, की शिट्टी थोरल्याकडे गेली आणि शिट्टीची दोरी धाकट्याकडे. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. बाजारात समोरासमोर दोन दुकानं झाली. एकाची पाटी 'दिवटे बंधू', दुसऱ्याची 'मूळचे दिवटे बंधू'. दोन्ही दुकानांत बंधू एकेकच होता.

आणि दोघेही आमच्या शाळेच्या समितीवर होते.

दोन्ही वराती शाळेच्या फाटकाशी एकाच वेळी पोचल्या आणि थांबल्या. फाटक एक, वराती दोन. आधी कोण आत जाणार? दोन्ही बँड जागच्या जागी, वेगवेगळी गाणी, एकमेकांच्या तोंडावर वाजवू लागले. थोड्या वेळाने तर असं झालं की दोन्ही बँड जीव तोडून वाजवतायत आणि ऐकू काहीच येत नाही. यावर माझा नातूसुद्धा विश्वास ठेवत नाही, पण तो तेव्हा नव्हता.

निफाडकर सर अनुभवी होते. ते शांतपणे कुंपणाच्या पडलेल्या भागाशी गेले, तिथल्या दोन विटा बाजूला केल्या आणि जाहीर केलं, "हे आपलं नवीन फाटक. दोघांनी आपापल्या फाटकातून यावं."

अशा रीतीने दोन दिवे दोन फाटकांतून आत आले.

"सर, मला एकच हवा होता," मी ऑफिसात म्हणालो.

"तुमच्या प्रयोगात फटी किती?"

"दोन."

"मग झालं तर. उजवी फट मल्हारीअण्णांची, डावी खंडूनानांची. एकेका फटीला एकेक दिवा. मी शब्द देऊन बसलोय."

"पण तसे पट्टे दिसत नाहीत, सर. एकाच दिव्याचा उजेड दोन फटींतून जाऊन पलीकडे पुन्हा भेटला, तर दिसतात."

"आणि दुसऱ्याचा दिवा मी कुठे लावू? बाथरुमात?" सर खुर्चीत मागे टेकले. "पारनाईक, तुम्हाला कायम करायचा ठराव या दोघांच्या सह्यांवाचून होत नाही. आणि एका कागदावर दोघांची सही मी या खुर्चीत बसल्यापासून पाहिलेली नाही. एकाने केली की दुसरा करत नाही. दोघे एकाच वेळी खूश असतील असा दिवस मिळाला, तर मी कागद पुढे सरकवीन. उद्घाटनाचा दिवस तसा आहे. पट्टे दिसले पाहिजेत आणि फटीचा मान दोघांना मिळाला पाहिजे. नाहीतर एप्रिलमध्ये तुमची ऑर्डर संपते."

ऑर्डर संपण्याचं मला तितकं वाटत नव्हतं. पण शाळेत चित्रकलेच्या एक बाई होत्या, कुमुद सबनीस. त्यांचे वडील पोस्टमास्तर होते, आणि मी त्यांना भेटून आलो होतो. त्यांनी मला चहा दिला, बिस्किट दिलं आणि म्हणाले, "टेंपररी पत्त्यावर मी रजिस्टर पत्रसुद्धा देत नाही, मुलगी कशी देऊ?"

तर असं ते सगळं त्या दोन फटींवर येऊन अडकलं होतं.

फटी कुमुदनेच पाडल्या होत्या. हातभर उंचीची काच कंदिलाच्या ज्योतीवर धरून काळी केली, दाढीची दोन ब्लेडं एकमेकांना चिकटवून पट्टीच्या आधाराने वरपासून खालपर्यंत ओढली. केसासारख्या दोन रेघा शेजारी-शेजारी. काच डोळ्याशी धरायची आणि पलीकडच्या दिव्याकडे बघायचं. मी सांगितलं म्हणून तिने दोन रेघांच्या मधोमध मागच्या बाजूला तिसरं ब्लेड भिंतीसारखं उभं केलं. भिंतीच्या उजवीकडे अण्णांचा दिवा, डावीकडे नानांचा. दिवे आधी गुलाबी झाले, मग केशरी, मग पिवळेधमक.

निफाडकर सरांनी डोळा लावला. "पिवळा डाग दिसतोय."

"तेवढाच दिसणार."

"उद्या?"

"उद्याही डागच."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, जणू डाग चष्म्यावर होता. "मग तुम्हीच दोघांना समजावून सांगा," ते म्हणाले. "बोलावतो."

दोघे आले. अण्णा उंच, वाळके, खांद्यावर उपरणं, गळ्यात खिशात जाणारी साखळी, तिच्या टोकाला ती शिट्टी. नाना बुटके, गोल, मनगटाला शिट्टीची दोरी गुंडाळलेली. एक खिडकीशी उभा राहिला, दुसरा दाराशी. दोघेही माझ्याकडे बघून बोलत.

"मास्तर, उजेड हा आमचा धंदा हाय," अण्णा म्हणाले. "आमच्या बापानं..."

"मास्तर, त्यांना सांगा, बाप माझाबी होता," नाना म्हणाले.

मी ठरवलं होतं, धंद्याच्या भाषेतच सांगायचं. "वरातीत तुमचे बत्तीवाले पाय मिळवून चालतात ना? उजेडही तसाच पावलं टाकत येतो. या फटीतून एक, त्या फटीतून एक. समोर एखाद्या जागी दोघे पोचले आणि त्यांची पावलं जुळली, की तिथे उजळ पट्टा."

"दोगांनी सारखंच चालाय पायजे का?" नानांनी विचारलं.

"नाही. एकाला लांबचा रस्ता पडला तरी चालेल. पण तो जादा रस्ता पुऱ्या पावलांचा हवा. एक पाऊल जादा, दोन जादा, तीन जादा, कितीही. पुरं मात्र हवं."

"आन् अर्धं पडलं तर?"

"तर एकाचं वर जातं तेव्हा दुसऱ्याचं खाली येतं. तिथे अंधार."

नानांनी मनगटावरची दोरी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. "उजेडात उजेड घातला," नाना सावकाश म्हणाले, "आन् अंधार झाला?"

"हो."

"मास्तर, हे भाईर बोलू नका. लोक दोन बत्त्या सांगायचे ते एकच सांगतील."

अण्णांनाही ते पटलं असावं, पण त्यांनी तसं दिसू दिलं नाही. "मग जुळवा की पावलं. त्याला एवढं काय?"

"वेगवेगळ्या दोन दिव्यांची जुळत नाहीत, अण्णा. दोघांचं पाऊल एका मापाचं आहे, रंग एकच आहे, ते ठीक. पण प्रत्येक दिवा आपल्या मनाने निघतो आणि क्षणाक्षणाला पाऊल बदलतो. आत्ता इथे उजेड, तर पापणी लवायच्या आत तिथे. सगळं मिसळून डाग दिसतो. दिवा एकच असला की तो पाऊल बदलेल तेव्हा दोन्ही फटींत एकदमच बदलतं. जोडी मोडत नाही."

"मग एकच लावा," अण्णा म्हणाले. "माझा."

"एकच लावायचा तर माझा," नाना भिंतीला म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, साखळीवरून शिट्टी काढली, दिव्याच्या अगदी जवळ गेले आणि एक लांब, कडक शिट्टी मारली. मग काचेला डोळा लावला. डाग होता तसाच होता.

"नवा हाय अजून," ते शिट्टी खिशात ठेवत म्हणाले. "आठवडाभरात वळन लागंल."

दोघे गेले, एक दारातून आणि एक खिडकीतून. खिडकीतून गेल्याचं ही मान्य करत नाही.

त्या संध्याकाळी मी काळ्या काचेकडे बघत बसलो होतो. कुमुद ब्रश धूत होती. "मधलं ब्लेड काढून टाकलं, तर पेटी करता येईल," मी म्हणालो. "दोन्ही दिवे एकाच पेटीत ठेवायचे. एक उजव्या अंगाने आत घालायचा, दुसरा डाव्या. आणि पेटीला पुढे एकच केसाएवढं दार. ज्याचा उजेड बाहेर येईल तो त्याच एका जागेवरून निघेल आणि पुढे दोन फटींत वाटला जाईल. मग अण्णांचा उजेड फटींपलीकडे अण्णांच्याच उजेडाला भेटेल. नानांचा नानांच्या."

"पण मग पट्टे दोन तऱ्हेचे नाही का होणार?"

"दार एकच असलं की दोघांचे पट्टे एकाच जागी पडतात. एकमेकांवर चपखल."

"हे दोघांना सांगणार तुम्ही? एकच दार?" ती म्हणाली. "फाटकाशी काय झालं ते वरून पाहिलंय मी."

"तेच तर."

तिने ब्रश झटकला. "पेटी आणा. दारं मी देते त्यांना."

तिने पेटीवर देवळाच्या सभामंडपासारख्या दोन भव्य कमानी रंगवल्या. उजव्या कमानीवर 'श्री. मल्हारी दिवटे', डावीवर 'श्री. खंडू दिवटे'. कमानींत इतका पिवळा उजेड रंगवला होता, की दिवा नसतानाही डोळे दिपावेत. आणि दोन कमानींच्या मधल्या खांबावर, वेलबुट्टीच्या आत, तिने एक उभी चीर पाडली. ती मला स्वतःला शोधावी लागली.

उद्घाटनाला दोन फिती होत्या, दोन कात्र्या होत्या, दोन नारळ होते. प्रयोगशाळेच्या खिडक्या दिवट्यांच्या मांडवाच्या कापडाने झाकल्या होत्या, अर्ध्या लाल आणि अर्ध्या निळ्या. बाहेर दुपारचं ऊन आणि आत अमावस्या. दोघांनी आपापले दिवे आपापल्या अंगाने पेटीत ठेवले, आपापल्या कमानीवरचं नाव वाचलं, दुसऱ्याच्या नावापेक्षा आपलं लहान नाही ना हे बोटांनी मोजलं, आणि समाधानाने मागे सरले. निफाडकर सरांनी कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवून मला खूण केली. कागद तयार होता.

"आता आधी कोण बघणार?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. अशी माणसं प्रत्येक समारंभाला असतात.

पण त्याचा विचार कुमुदने केला होता. काच हातभर उंच कशाला घेतली होती? "दोघांनी एकदमच बघायचं," ती म्हणाली. "अण्णा उंच आहेत, त्यांनी वरून. नानांनी खालून."

काच इतकी अरुंद होती, की अण्णांना वाकून डोळा लावायचा तर हनुवटी ठेवायला एकच जागा होती. ती नानांच्या टकलावर टेकली. दोघांनाही ते कळलं. पण जागा सोडली तर दुसरा आधी बघणार, म्हणून कुणीच हललं नाही.

पट्टे आले. एक उजळ, एक काळा, एक उजळ, एक काळा, फणीच्या दातांसारखे सरळ. मी ते सकाळीच काचेला डोळा लावून पाहून ठेवले होते, आता ते फक्त त्या दोघांना दिसत होते.

"हं," अण्णा म्हणाले.

"हं," खालून नाना म्हणाले.

निफाडकर सरांचा हात खिशात गेला. दोघे खूश होते. आणखी एवढासा वेळ ते गप्प राहिले असते, तर ही गोष्ट इथे संपली असती.

"मास्तर, त्यांना सांगा," अण्णा डोळा न काढता म्हणाले, "उजळ पट्टे माझे हायेत. काळे त्यांचे."

"मास्तर, त्यांना सांगा, काळं ते त्यांच्या बत्तीची काजळी हाय. आन् हनुवटी हलवू नका म्हनावं, टाळू दुखतीया."

"मास्तर, त्यांना सांगा, टाळू दुखती तर काढा म्हनावं."

प्रत्येक शब्दाला हनुवटी टकलावर टक्‌ टक्‌ वाजत होती. अण्णा म्हणाले, "त्यांचा दिवा झाका. मग कळंल."

मी झाकायचं टाळत होतो. पण गर्दीतल्या त्याच माणसाने पुठ्ठा उचलला आणि पेटीत डाव्या दिव्यासमोर धरला. उजेड अर्धा झाला. पट्टे मात्र सगळेच्या सगळे, होते तिथेच.

"बघा," अण्णा म्हणाले. "सगळे माझेच."

"आता त्यांचा झाका," नाना म्हणाले. पुठ्ठा उजवीकडे गेला. पट्टे तसेच, सगळे, तिथेच. "झालं? सगळे माझे."

लोक हसायला लागले. नाना हसले नाहीत. ते काचेपासून बाजूला झाले, अण्णांची हनुवटी हवेत लटकली. कुणी काही म्हणो, नाना म्हणजे दिव्यांचा माणूस. "माजा दिवा झाकला," ते स्वतःशी बोलले, "तर माज्या फटीतनं उजेड आला कुनाचा?"

ते पेटीपाशी गेले. आपल्या नावाच्या कमानीवर त्यांनी पंजा ठेवला. आणि मग, मला वाटतं अंधारात विसरूनच, म्हणाले, "दिसतंय का?"

"दिसतंय," काचेशी वाकलेले अण्णा म्हणाले.

नानांनी दुसऱ्या कमानीवर हात ठेवला. "आता?"

"दिसतंय."

"दोन्हीवर ठेवले. आता?"

"तसंच हाय की रं."

मी कुमुदकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. नानांनी एक बोट वेलबुट्टीवरून हळूच खांबाच्या मध्यावर आणलं.

"गेलं," अण्णा म्हणाले. "खंडू, गेलं सगळं. काय क्येलंस?"

"एकच दार हाय रं दादा," नाना म्हणाले. "दोनी दिवे एकाच दारातनं काढल्यात मास्तरनं."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

अण्णांनी शिट्टी काढली, ती मला मारायला असं मला वाटलं. पण त्यांनी ती वाजवली. आणि ती वाजताच नानांचा डावा पाय आपोआप उचलला गेला, अण्णांचाही डावाच. लहानपणी बापाच्या ओळीत डोक्यावर बत्त्या घेऊन चाललेले ते दोन पोरगे होते, अंगातून ते गेलं नव्हतं. डावा, उजवा, डावा, उजवा, प्रयोगशाळेच्या फरशीवर पाय वाजवत दोघे माझ्याकडे येऊ लागले. अण्णांचे पाय लांब होते, ते आखूड टाकत होते. नानांचे आखूड होते, ते लांब टाकत होते. पाऊल चुकत नव्हतं.

"अरं ए पुस्तकी माणसा," दोघे म्हणाले. शब्द तेच, क्षण तोच. "आमच्या घराण्याचा उजेड हाय त्यो. आमाला एका भोकातनं काढतोस?"

आणि पुढेही एक जे जे बोलला, तेच दुसरा त्याच क्षणी बोलला. शिव्या बापाच्या होत्या, त्यामुळे दोघांना सारख्याच पाठ होत्या. आता मी फिजिक्सचा मास्तर. पुस्तकात शिकवत असे, की दोन लाटा पावलाला पाऊल लावून आल्या, तर उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो. मुलांना हे पटवायला मला नेहमी फळ्याचे दोन भाग भरावे लागत. त्या दिवशी मात्र माझी खात्री पटली. एकेकट्या दिवट्याच्या शिव्या मी आधी खाल्ल्या होत्या, त्यांची बेरीज करून इतकं होत नव्हतं. पाठ भिंतीला लागली होती, खिडकीवरचं लाल कापड निसटून माझ्या डोक्यावर पडलं, तरी कापडातून ऐकू येत होतं.

"काढून टाका ह्याला," अण्णा शेवटी दम घेत निफाडकर सरांना म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

पोस्टमास्तरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यांच्या हातात माझं परत आलेलं रजिस्टर पत्र होतं.

"थांब दादा," नाना म्हणाले. "काढला तर सुटला की ह्यो. एस्टीत बसंल आन् जाईल. हितंच ठिवायचा. दोन दिवे, दोन दारं, एकेका फटीला एकेक. असे पट्टे काढून दाव म्हनावं. दावत न्हाई तंवर खडकसोंड सोडायचं न्हाई."

अण्णांनी भावाकडे पाहिलं. पाहण्यात जरा अभिमान होता. "लिवा, हेडमास्तर."

निफाडकर सरांनी कोटाच्या खिशातून कागद काढला. तो उलटा केला. मला भिंतीकडे तोंड करून वळवलं आणि माझ्या पाठीचाच आधार घेऊन, आपल्या सुंदर अक्षरात, तोंडाने म्हणत म्हणत लिहिलं. "सदर शिक्षक श्री. पारनाईक हे दोन स्वतंत्र दिव्यांचे, एका फटीस एक याप्रमाणे, पट्टे दाखवीपर्यंत त्यांस या शाळेच्या सेवेतून कोणत्याही कारणास्तव मुक्त करण्यात येऊ नये."

"पगारबी बंद करू नका," नाना म्हणाले. "उपाशी मरून सुटायचा."

"पगार नियमाप्रमाणे चालू ठेवावा," सरांनी लिहिलं.

अण्णांनी सही केली. पेन तसंच पुढे केलं. नानांनी त्याच पेनाने, खाली, सही केली. सरांनी शाईवर फुंकर घातली, कागदाची घडी केली आणि लाल कापडाची कड उचलून माझ्या कानाशी वाकले.

"पारनाईक, खरं सांगा. ते पट्टे कधी दिसतील?"

"कधीच नाही, सर."

"मग अभिनंदन," सर म्हणाले.

कुमुदच्या वडिलांनी तो कागद उजेडात धरून वाचला, शिक्के तपासले आणि म्हणाले की टेंपररीपेक्षा हे बरं, कायमपेक्षाही बरं, कारण कायम माणसाला निदान राजीनामा देता येतो. लग्नाची वरात दोन्ही दिवटे बंधूंनी मिळून काढली. पुढे दरवर्षी उद्घाटनाच्या दिवशी दोघे मी अजून नापास आहे ना, हे बघायला येत. कुंपणाचं भगदाड सरांनी केव्हाच बुजवलं होतं, त्यामुळे एकाच फाटकातून यावं लागे. काचेला वर-खाली डोळे लावत, डाग बघत, समाधानाने माना हलवत. चौथ्या का पाचव्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की शिट्टी आता दोरीत ओवलेली होती. कुणाच्या गळ्यात होती ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

मी त्याच शाळेतून निवृत्त झालो. परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. ती आता पुण्यात मोठ्या प्रयोगशाळेत असते. बोलता बोलता म्हणाली, "सर, तुम्ही शिकवायचात ते आता तितकं खरं नाही हं. लेसरचे चांगले दिवे वापरले, तर वेगवेगळ्या दोन दिव्यांचे पट्टेसुद्धा क्षणभर पकडता येतात."

मी उठून आधी दार लावलं.

"हळू बोल बाई," मी म्हणालो. "माझी पेन्शन चालू आहे."